आधी वटवाघळं मोजा

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं पकडून त्यांचे नमुने तपासले. पुढच्या वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन जातींच्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या होत्या आणि महाराष्ट्रातली अशी ही पहिलीच नोंद होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत पोळलेल्या सातारा जिल्ह्यात ही बातमी कशी पोचली असेल, ते वेगळं सांगायला नको. जिल्ह्यात निपाहचा एकही रुग्ण नव्हता. तरी ‘महाबळेश्वरच्या गुहेत निपाह’ एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं.

संस्थेनं आपलं काम नीट केलं. विषाणू शोधणं हे तिचं कामच आहे. माझी तक्रार आपल्या बाकीच्यांबद्दल आहे. त्या गुहेत वटवाघळं आहेत तरी किती, हे त्या बातमीनंतर कुणीतरी विचारायला हवं होतं. दहा वर्षांपूर्वी किती होती? पावसाळ्यात ती तिथंच राहतात की जागा बदलतात? पिल्लं कधी होतात? आसपासच्या डोंगरांत त्यांच्या आणखी किती वस्त्या आहेत? हे प्रश्न पुढे आले नाहीत, कारण ते विचारायचे कुणाला हेच ठरलेलं नाही. कोयनेत आज किती टीएमसी पाणी आहे, नवजाला काल किती मिलिमीटर पाऊस झाला, हे पावसाळ्यात आपण रोज वाचतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाचा नुसता ठसा दिसला तरी बातमी होते. वटवाघळं मात्र ठरलेल्या जागी, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या पद्धतीनं दरवर्षी मोजायची सार्वजनिक व्यवस्था सातारा-सांगलीत नाही. ती उभी राहिली पाहिजे, आणि सड्यांवरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवरच्या, जुन्या पवनचक्क्या उतरवून नव्या चढवण्याआधी उभी राहिली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

या मुलखाची ठेवणच अशी आहे, की वटवाघळांना घराची कमतरता पडू नये. बेसाल्टचे थर एकावर एक बसलेले. दोन थरांमधला मऊ तांबडा भाग झिजतो आणि कड्याला आडव्या कपारी पडतात. माथ्यावर जांभ्याचं टणक कवच आणि त्याच्याखाली माती वाहून गेल्यामुळे झालेल्या पोकळ्या. कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी आणि वारणा या नद्यांनी डोंगर चिरत खोल खोरी केली आहेत. त्या खोऱ्यांच्या अंगाला असलेल्या घळी आपल्याला समर्थांमुळे ठाऊक आहेत : हेळवाकची रामघळ, सज्जनगडाजवळची मोरघळ, कराडकडची चंद्रगिरीची घळ. माणसानंही भर घातली. कराडजवळ आगाशिवची लेणी, वाईजवळची पालपेश्वरची लेणी, पाचगणीजवळ राजपुरीच्या गुहा, कल्याणगडाच्या पोटातलं पाण्यानं भरलेलं भुयार, सांगली जिल्ह्यात दंडोबाच्या डोंगरातलं खोदीव मंदिर. शिवाय गावोगावच्या मोट सुटलेल्या विहिरी, पडके वाडे, बुरुजांच्या आतल्या खोल्या. अंधार, ओलावा आणि फारसं न बदलणारं तापमान या तीन गोष्टी जिथं मिळतील, तिथं गुहेत राहणाऱ्या जाती वस्ती करू शकतात. मोठ्या फळखाऊ वटवाघळांना तर गुहाही लागत नाही. गावाच्या वेशीवरचा जुना वड त्यांना पुरतो.

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत. एवढी विविधता असूनही आपण त्यांच्याकडे कसं पाहत आलो, हे कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होती. ती कुणीही मारावीत, कायद्याची हरकत नव्हती. वरच्या संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली ती फक्त दोन जातींना. २०२२ च्या दुरुस्तीनं उपद्रवींचं ते परिशिष्टच काढून टाकलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. म्हणजे पन्नास वर्षं ज्यांना उपद्रवी म्हटलं, त्यांना मोजायची गरज सरकारला कधी वाटलीच नाही. मारायला आकडा लागत नाही. राखायला लागतो.

पहिल्या परिशिष्टातल्या त्या दोन जातींपैकी एक आपल्या शेजारची आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची देशभर पाहणी सुरू केली, तेव्हा तिथं एक वेगळंच वटवाघूळ मिळालं. १९१३ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि पाहणीचे सूत्रधार रॉटन यांचं नाव त्याला मिळालं. त्यानंतर कित्येक दशकं जगात त्याचा हा एकच पत्ता मानला जात होता. पुढे मेघालयात आणि कंबोडियात ते सापडलं. बारापेडे सह्याद्रीच्याच रांगेत आहे. चांदोलीपासून ते तसं लांब नाही. ‘इथं नाही’ असं म्हणण्याआधी ‘इथं पाहिलं’ असं म्हणता यायला हवं. आपल्या किती घळींबद्दल आपण ते म्हणू शकतो?

वटवाघळं मोजणार तरी कशी, असं म्हणून हा विषय बाजूला सारला जातो, म्हणून पद्धत थोडी सविस्तर सांगतो. सगळ्यात साधी पद्धत संध्याकाळची. सूर्यास्ताआधी गुहेच्या तोंडापासून जरा बाजूला, मागे उजेडाचं आकाश येईल असं बसायचं. हातात बटण दाबून आकडा पुढे सरकवायचं छोटं यंत्र. बाहेर पडणारं प्रत्येक वटवाघूळ मोजायचं, घिरटी घालून परत आत शिरलेलं वजा करायचं, अंधारात दिसेनासं होईपर्यंत उठायचं नाही. गुहेला दोन तोंडं असतील तर दोन्हीकडे माणसं हवीत. एका तोंडाशी दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि दोघांच्या आकड्यांत फरक आला तर तो लपवायचा नाही, लिहून ठेवायचा. वस्ती हजारांत असेल तर डोळा पुरत नाही. तिथं इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं चित्रण करून नंतर सावकाश मोजतात. वडावरची मोठी वटवाघळं दिवसा लटकलेली मोजता येतात, पण पानाआडची सुटतात. म्हणून संध्याकाळी ती उडताना पुन्हा मोजायची आणि दोन्ही आकडे ठेवायचे. यातल्या कशालाही परदेशी पदवी लागत नाही. चिकाटी लागते आणि शिस्त लागते.

दुसरी पद्धत आवाजाची. कीटकभक्षी वटवाघळं उडताना आपल्या कानांना न ऐकू येणारे आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतात. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. सह्याद्रीत आढळणारं, घोड्याच्या नालेसारख्या नाकाचं रूक्सचं वटवाघूळ ८० किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतं. हे आवाज टिपणारी छोटी यंत्रं आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाली आहेत. झाडाला बांधून ठेवली की ती रात्रभर नोंद घेत राहतात. वटवाघळाला हात लावावा लागत नाही, त्याची झोपमोड होत नाही. काही जाती तर हातात घेऊनही वेगळ्या ओळखू येत नाहीत, आवाजावरून येतात. ब्रिटनमध्ये सगळीकडे दिसणारं साधं पिपिस्ट्रेल एकच जात मानलं जायचं. त्यातली काही ४५ किलोहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि काही ५५ च्या, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात त्या दोन जाती ठरल्या.

पण यंत्र लावलं की झालं, असं समजणं महागात पडेल. बहुतेक फळखाऊ वटवाघळं असे आवाज काढतच नाहीत. महाबळेश्वरच्या त्या नमुन्यांतलं रूसेटस हे गुहेत राहणारं फळखाऊ वटवाघूळ जिभेनं टकटक करून अंधारातली वाट काढतं, तेवढा एक अपवाद. बेडूक-उंदीर खाणारं मोठ्या कानांचं मेगाडर्मा इतक्या हळू आवाजात बोलतं, की यंत्राच्या अगदी जवळून गेलं तरच नोंद व्हावी. त्यात आपली हवा. उंच पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो. पावसाळ्यात ठोसेघरसारख्या धबधब्याच्या दरीत पाण्याच्या गर्जनेपुढे यंत्राला बाकी काय ऐकू येणार? अमेरिकेतल्या कोरड्या घळयांत चालणारी पद्धत जशीच्या तशी जावळीच्या खोऱ्यात उचलून आणली, तर अर्धी वटवाघळं नसल्यासारखीच दिसतील. म्हणून डोळ्यांची मोजणी आणि आवाजाची नोंद एकमेकींना जोडूनच घ्यावी लागते. शिवाय आवाज कुणाचा हे ओळखायला आधी आपल्याच भागातली, जात नक्की पटवलेली वटवाघळं सोडताना त्यांचे आवाज नोंदवून ठेवावे लागतात. हे काम मात्र प्रशिक्षित माणसांचं, वनखात्याच्या परवानगीनं करायचं. त्यात हौशी लोकांनी पडू नये.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. थंडी, वारा, चांदणं, जवळपास उंबर पिकलाय की नाही, अशा कितीतरी गोष्टींनी एका रात्रीचा आकडा खालीवर होतो. दहा वर्षं त्याच गुहेशी, त्याच पंधरवड्यात बसलं, तर आकड्यांतून काही बोलता येतं. आपल्याकडे एखादा अभ्यासक येतो, दोन हंगाम फिरतो, जातींची यादी होते, प्रबंध होतो आणि जागा पुन्हा अंधारात जाते. यादी मोलाची असते, पण यादीत नाव असलेली जात वाढतेय की संपत चाललीय, हे तिच्यावरून कळत नाही. वटवाघळांच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. त्यांच्या बहुतेक जातींना वर्षाला एक पिल्लू होतं. सशा-उंदरांची संख्या पडली तर दोन पावसाळ्यांत भरून निघते. वटवाघळांची वस्ती एकदा निम्मी झाली, की सावरायला माणसाची एक पिढी जाऊ शकते.

अमेरिकेनं हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. त्या रोगानं पुढे लाखो वटवाघळं मेली. शीतनिद्रेच्या ज्या गुहांत आधीपासून मोजणी चालू होती, तिथं किती गेली हे सांगता आलं. जिथं नव्हती, तिथं फक्त रिकाम्या गुहा सापडल्या. २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेत १० किलोमीटर बाय १० किलोमीटरच्या चौकटी पाडून एकसारख्या पद्धतीची मोजणी सुरू झाली. ब्रिटनमध्ये तर १९९६ पासून स्वयंसेवक हे काम करत आहेत. शिक्षक, निवृत्त कारकून, विद्यार्थी संध्याकाळी अंगणात उभे राहून मोजतात. आपल्या लोकांना हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये.

आता भीतीबद्दल. ती पोकळ नाही. केरळात कोळिकोडला २०१८ मध्ये निपाहनं १७ माणसं गेली, आणि त्यानंतरही तिथं हा रोग पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला. उष्टी फळं खाऊ नयेत, मेलेल्या-पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवू नये, वस्ती असलेल्या गुहेत उगाच शिरू नये, हे गावोगाव सांगितलंच पाहिजे. पण भीतीपोटी आपण करतो काय? गुहेत धूर करतो, फटाके लावतो, वड तोडा म्हणून अर्ज देतो. त्यानं धोका कमी होतो, हा समज खोटा ठरलेला आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली. तो विषाणू तिथल्या रूसेटस वटवाघळांत होता. आपल्या गुहांतल्या रूसेटसचंच ते भावंड. खाणीतल्या वटवाघळांचा नायनाट करण्यात आला. काही वर्षांनी थोडी वटवाघळं परत आली. २०१२ मध्ये त्याच भागात युगांडातली मारबर्गची सगळ्यात मोठी साथ आली. शास्त्रज्ञांनी खाणीत जाऊन तपासलं तेव्हा आधी सुमारे ५ टक्के असलेलं संसर्गाचं प्रमाण १३ टक्क्यांच्या वर गेलं होतं. जुनी, प्रतिकारशक्ती असलेली वटवाघळं मारली गेली आणि त्यांच्या जागी नवी, लागण सहज होणारी आली, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञ लावतात.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथं हेंड्रा नावाचा, निपाहच्याच कुळातला विषाणू मोठ्या फळखाऊ वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना होतो. १९९६ ते २०२० अशा पंचवीस वर्षांच्या नोंदी एकत्र करून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात फुलणारी रानं तोडली गेली आणि खाण्याचा तुटवडा पडला, की वटवाघळं लहान लहान टोळ्यांनी गावांच्या नि कुरणांच्या जवळ येऊन राहतात आणि त्याच काळात घोड्यांना लागण होते. ज्या हिवाळ्यांत उरलेली रानं भरभरून फुलली, त्या हिवाळ्यांत वटवाघळं तिकडे निघून गेली आणि लागण झाली नाही. हे कळलं कशामुळे? कोणत्या वस्तीत किती वटवाघळं आहेत, ती कधी फुटतात, कुठं जातात, हे कुणीतरी चोवीस-पंचवीस वर्षं लिहून ठेवलं होतं म्हणून. ज्यांना आपल्या जिल्ह्यात निपाहची धास्ती वाटते, त्यांनी मोजणीची मागणी सगळ्यात आधी करायला हवी. आणि बाहेर बसून मोजणाऱ्याला वटवाघळाचा स्पर्शही होत नाही. हाताळणारे जे थोडे असतील, त्यांनी रेबीजची लस आधी घ्यावी, हातमोजे-मुखपट्टी घालावी. हे जगभरचे ठरलेले नियम आहेत.

शेतकऱ्याचा प्रश्न मी टाळणार नाही. तासगाव-कवठे महांकाळकडच्या द्राक्षबागायतदाराला फळखाऊ वटवाघळं आवडावीत, अशी अपेक्षा करणं चूक आहे. घड पिकायला लागले की नुकसान होतं, जाळीचा खर्च येतो, आणि तो त्यानं एकट्यानं का सोसावा? जाळीला अनुदान मिळावं, आणि वटवाघूळ अडकून मरणार नाही अशी ताणून बसवलेली जाळी असावी, या मागणीत मी त्याच्या बाजूनं आहे. पण त्याच शिवारात दुसरी वटवाघळं राबत असतात. वळवाचा पाऊस पडला, की हुमणीचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघून बाभळी-कडुलिंबावर गोळा होतात. ऊसवाला त्यासाठी प्रकाश सापळे लावतो. नेमक्या त्याच वेळी कीटकभक्षी वटवाघळं बाहेर पडतात. अमेरिकेत त्या बुरशीच्या रोगानं वटवाघळं मेलेल्या भागांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकं सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त वापरली आणि तिथला बालमृत्युदर जवळपास ८ टक्क्यांनी वाढला, असं ईयल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञानं २०२४ मध्ये दाखवून दिलं. हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते कृष्णाकाठाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपले आकडे काढायचे तर आपली वटवाघळं मोजावी लागतील, एवढंच.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं आहे, तिच्याकडे येतो.

पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, ठोसेघरजवळचं चाळकेवाडी, सांगली जिल्ह्यातलं ढालगाव आणि शिराळ्याकडचं गुढे-पाचगणी. या पठारांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. स्वच्छ वीज हवी, यात वाद नाही. कोळशाला पर्याय शोधायचाच आहे. पण पवनचक्कीची पाती वटवाघळं मारतात, हे आता जगभर सिद्ध झालेलं आहे. काही पात्याच्या धडकेनं मरतात. पात्याजवळ हवेचा दाब एकाएकी पडल्यामुळे फुप्फुसात रक्तस्राव झालेलीही कॅनडात २००८ मध्ये सापडली होती. पक्ष्यांपेक्षा वटवाघळं जास्त मरतात, असंही अनेक ठिकाणी दिसलं आहे. आपल्याकडे मात्र २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवन ऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. म्हणजे सड्यावर पवनचक्की उभारताना तिथल्या हवेत रात्री काय उडतं, याचा अहवाल देण्याचं बंधन कुणावर नाही.

चाळकेवाडीच्याच पठारावर एक अभ्यास झालेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते आणि त्यांचं भक्ष्य असलेले, गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढले होते. वाढले, धीट झाले, पण अंगानं खालावले. एका यंत्रानं वरचा शिकारी हलला आणि खालची सगळी साखळी बदलली. हे दिवसाचं चित्र आहे. रात्रीचं चित्र याहून मोठं असू शकतं, कारण रात्री त्या हवेत वटवाघळंच शिकारी असतात. सड्यावर पावसाळ्यात साठलेल्या पाण्यावर कीटकांचे थवे येतात, त्यांच्यामागे कड्याच्या कपारीतून वटवाघळं वर येतात, आणि तिथंच पाती फिरत असतात.

हा प्रश्न आजचा का, ते सांगतो. पहिल्या पिढीच्या त्या काही शे किलोवॉटच्या छोट्या पवनचक्क्यांचं आयुष्य संपत आलं आहे. जुन्या उतरवून त्यांच्या जागी मोठ्या बसवाव्यात, यासाठी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये धोरण आणलं आणि २०२३ मध्ये ते सुधारलं. नव्या चक्क्या संख्येनं कमी, पण कितीतरी उंच आणि लांब पात्यांच्या असतील. त्या पुढची वीस-पंचवीस वर्षं तिथं राहतील. कुठं बसवायच्या, कड्यापासून किती आत, वस्ती असलेल्या घळीपासून किती लांब, हे ठरवायची संधी आताच आहे. आणि वटवाघळं वाचवायला वीज सोडून द्यावी लागते, असंही नाही. वटवाघळं वारा कमी असलेल्या रात्री जास्त उडतात. पाती फिरायला लागण्याचा वाऱ्याचा वेग यंत्रात थोडा वाढवून ठेवला, तर मरणारी वटवाघळं निम्म्यानं, काही वेळा त्याहून जास्त कमी होतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात केलेल्या प्रयोगात यापायी वर्षाची १ टक्क्याहूनही कमी वीज गेली. आपल्या पठारांवर तर वर्षातली बरीचशी वीज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांतच तयार होते. चैत्र-वैशाखातल्या निवांत वाऱ्याच्या रात्री यंत्र थोडं उशिरा सुरू झालं, तर कुणाचं दिवाळं निघणार नाही. पण त्या कोणत्या रात्री, कोणत्या सड्यावर, किती वाजता, हे मोजल्याखेरीज कसं ठरवणार?

मोजणार कोण, या प्रश्नाला माझं उत्तर आहे : जे आत्ताच त्या डोंगरात आहेत ते. प्रत्येक ग्रामपंचायतीत कायद्यानं जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या नोंदवह्या अनेक ठिकाणी मुदत गाठायच्या घाईत भरल्या गेल्या. त्यात गावातली वटवाघळांची वस्ती आणि दरवर्षीचा आकडा यासाठी एक पान असावं. शिवाजी विद्यापीठाशी जोडलेल्या सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांमध्ये प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. घळयांत दोर लावून उतरणारे गिर्यारोहक आहेत. दुसरं कुणी जाऊ शकत नाही अशा दऱ्यांत ते हौसेनं जातात. त्यांच्या पाठीवर एक यंत्र दिलं तर ते लावून येतील. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची वनखात्याची जुनी परंपरा आहे, आणि तिला लोकांची गर्दी होते. तो उत्साह इकडे वळवता येईल. फक्त रात्र बदलावी लागेल, कारण भर चांदण्यात काही जातींची वटवाघळं कमी हिंडतात. पिल्लांच्या हंगामात कुणीही गुहेत पाऊल टाकायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखा हवा.

प्रतापगड आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. गडांवर दिवे लागतील, भुयारं साफ होतील, वाटा होतील. होऊ द्यात. पण कोणत्या खोलीत वटवाघळांची वस्ती आहे, हे कंत्राट निघण्याआधी बघितलं, तर दिवा चार हात बाजूला लावता येतो.

एका मुद्द्यावर मला वाटतं की वन्यजीव राखण्याच्या चळवळीतल्या माझ्या मित्रांशी माझं जमणार नाही. सगळी माहिती खुली असावी, असा त्यांचा आग्रह असतो. आकडे खुले असावेत, हे मलाही मान्य आहे. जनतेच्या पैशानं काढलेला आकडा दडवायचा अधिकार कुणालाही नाही. पण गुहेचा नेमका पत्ता नकाशावर टाकू नये. आज पत्ता टाकला, की पुढच्या रविवारी तिथं मोबाइलचे दिवे घेऊन माणसं पोचतात, आणि निपाहची बातमी आली की धूर घेऊन पोचतात. अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांचे पत्ते गुप्त ठेवायची तरतूद १९८८ च्या कायद्यातच आहे. आपणही १० किलोमीटरच्या चौकटीपुरता आकडा जाहीर करावा, आणि पत्ता वनखातं आणि गावची समिती यांच्याकडेच राहावा. गावाला तो पत्ता पिढ्यान्‌पिढ्या ठाऊकच असतो. गावावर विश्वास ठेवायला हवा.

पैशाचं उत्तर सोपं आहे. सड्यावरून जो वीज कमावतो, त्यानं सड्यावरच्या मोजणीचा खर्च द्यावा. काम मात्र त्यानं नेमलेल्या सल्लागाराकडे नको. विद्यापीठ आणि वनखातं यांच्याकडे असावं. नव्या पवनचक्कीच्या प्रत्येक प्रस्तावाला त्या पठारावरच्या किमान दोन पूर्ण वर्षांच्या रात्रींची नोंद जोडलेली असावी, आणि नवी चक्की सुरू झाल्यावर पुढची काही वर्षं तिच्याखाली मेलेल्या वटवाघळांचा शोध चालू राहावा. तो शोध पहाटे घ्यावा लागतो. उजाडलं की कावळे आणि कुत्री काही शिल्लक ठेवत नाहीत.

दोन वर्षं थांबायचं म्हणजे प्रकल्प रखडवणं, असा आक्षेप येईल. थांबायची गरजच नाही. जुन्या चक्क्या अजून उभ्या आहेत आणि फिरत आहेत. त्यांच्या मनोऱ्यांवर यंत्रं येत्या दिवाळीनंतर लावता येतील, त्यांच्या पायाशी पहाटेचा शोध सुरू करता येईल, आणि सड्याखालच्या घळींच्या तोंडाशी माणसं बसवता येतील. जुन्या चक्क्या एकदा उतरवल्या, की त्यांच्याखाली काय होत होतं हे मोजता येणार नाही. मग नव्या चक्क्यांनी वटवाघळं वाढली की घटली, यावर कंपनी एक सांगेल, गाव दुसरं सांगेल, आणि निवाडा करायला कुणाच्याही हातात आकडा नसेल.